क्रूझवरच्या खर्चाला कुठलं कार्ड लावायचं? फॉरेक्स मार्कअपचा भुर्दंड टाळायचाय

कोथरूडचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. मे महिन्यात सिंगापूरहून निघणारी 4 रात्रींची क्रूझ बुक केलीय, आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई असे पाच जण. टूरवाल्याला पैसे रुपयांत भरून झाले, त्याचं टेन्शन नाही. पण काल व्हाउचर नीट वाचायला बसलो तर लक्षात आलं की टिप्स, वायफाय, कोल्ड्रिंक, फोटो, सगळं वेगळं आणि ते जहाजावरच भरायचं, म्हणजे चेक-इनला कार्ड लिंक करायचं आणि मग केबिनचं कार्ड दाखवत सुटायचं, शेवटच्या दिवशी बिल. माझ्याकडे एका बँकेचं साधं क्रेडिट कार्ड आहे, त्याचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) 3.5 टक्के आणि त्यावर परत जीएसटी. गेल्या वर्षी एक ऑनलाईन कोर्स डॉलरमध्ये घेतला होता तेव्हा स्टेटमेंटला मार्कअपची एक ओळ आणि त्याखाली त्या मार्कअपवरच्या जीएसटीची दुसरी ओळ बघून डोकं फिरलं होतं. ऑफिसातला मित्र म्हणतो सरळ फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधी भरून न्यायचं प्रीपेड कार्ड) सिंगापूर डॉलर भरून ने आणि मोकळा हो. बायको म्हणते कॅश नेऊ, कटकट नको. एकूण खर्च 700 अमेरिकन डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज आहे. कोणी केलंय का हे? फार हुशारी करायची नाहीये, फक्त उगाच पैसे जाऊ नयेत एवढंच.

शनिवारपेठी

700 डॉलरवर 4 टक्के म्हणजे 28 डॉलर. क्रूझला जायला पैसे आहेत आणि 28 डॉलरसाठी चर्चा. खरे पुणेकर आहात, अभिमान वाटला.

कोथरूडचा_पाहुणा

@शनिवारपेठी साहेब, अठ्ठावीस डॉलर म्हणजे अडीच हजार रुपये झाले, पाचही जणांचं दोनदा थालीपीठ-मिसळ होईल वर मस्तानी. विषयावर काही असेल तर सांगा.

औंधवाली_मृणाल

पहिली गोष्ट म्हणजे मित्राचं ऐकून सिंगापूर डॉलर भरू नका!! आधी जहाजावर कुठलं चलन चालतं ते विचारा. जहाज सिंगापूरहून निघतं म्हणून जहाजावर सिंगापूर डॉलर असं काही नसतं. रॉयल कॅरिबियनचं असेल तर ते सिंगापूरहून निघो नाहीतर कुठूनही, जहाजावरचा सगळा हिशोब अमेरिकन डॉलरमध्ये असतो. एमएससी किंवा कोस्टाने भूमध्य समुद्रात गेलात तर युरो. आम्ही नेमकी हीच चूक केली होती, फॉरेक्स कार्डावर सिंगापूर डॉलर भरून नेले, बिल लागलं अमेरिकन डॉलरमध्ये, आणि कार्डाने क्रॉस करन्सी चार्ज म्हणून वेगळे पैसे कापले, म्हणजे रुपयाचे सिंगापूर डॉलर करताना एकदा कापलं आणि त्याचे अमेरिकन डॉलर करताना परत एकदा, जो मार्कअप वाचवायला गेलो त्याच्यापेक्षा जास्त गेले असतील. नवऱ्याने त्यानंतर दोन दिवस एक्सेल शीट उघडलं नाही, एवढा धक्का.

आणि दुसरं, होल्ड. हे कुणीच सांगत नाही. तुम्ही कार्ड लिंक केलंत की जहाज रोजच्या रोज खर्चाच्या अंदाजाने रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ते फक्त लिमिटमधून कमी दिसतं, काही बिघडत नाही. पण डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड असेल तर तुमचे खरे पैसे अडकतात. आमचं फायनल बिल लागलं तरी आधीचे होल्ड सुटले नव्हते, त्यामुळे सिंगापूरला उतरल्यावर कार्डात पैसे असून नसल्यासारखे. हॉटेलवाल्याला शेवटी नवऱ्याच्या भावाचं कार्ड दिलं, तेही व्हॉट्सॅपवर फोटो मागवून, नको ते सगळं. होल्ड पूर्ण सुटायला पुण्यात आल्यावर तीन आठवडे गेले. जहाज कंपनी म्हणे आम्ही सोडले, बँक म्हणे आमच्याकडे आले नाहीत.

कोथरूडचा_पाहुणा

बापरे. आत्ता टूरवाल्याला फोन केला, तो आधी म्हणाला "सर सिंगापूर डॉलरच असणार", मग मी म्हटलं नक्की विचारून सांगा, तर अर्ध्या तासाने मेसेज आला "सॉरी सर यूएसडी". मृणालताई, तुमच्यामुळे वाचलो.

निवृत्त_कॅशियर

३२ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची काही फॉरेक्स काउंटरला, म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

लोक मार्कअप या एका शब्दाला घाबरतात पण पैसे चार-पाच ठिकाणी जातात आणि त्यातलं एकच ठिकाण स्टेटमेंटवर छापून येतं. हिशोबाला डॉलर 90 रुपये धरू, तुमचे 700 डॉलर म्हणजे 63,000. साध्या कार्डावर 3.5 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात 4.13 टक्के, 2,600 रुपये गेले. वरच्या दर्जाच्या कार्डांवर मार्कअप 2 टक्के असतो, तो जीएसटी धरून 2.36 होतो, म्हणजे दीड हजाराच्या आत. आता फॉरेक्स कार्ड, यावर मार्कअप शून्य असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण भरताना तुम्हाला डॉलर 90 ला कुणी देत नाही, 91 किंवा साडेएक्क्याण्णव लावतात. साडेएक्क्याण्णव लावला तर 700 डॉलरमागे 1,050 रुपये तिथेच गेले, फक्त त्याला कुणी फी म्हणत नाही, भाव म्हणतात. वर चलन बदलण्यावरचा जीएसटी, तो मात्र किरकोळ असतो, लाखाच्या आतल्या रकमेवर 0.18 टक्के, कमीत कमी 45 रुपये. कार्ड काढायची फी वेगळी. आणि परत आल्यावर 80 डॉलर उरले तर ते बँक खरेदीच्या भावाने घेते, तिथे पुन्हा कात्री. म्हणून फॉरेक्स कार्ड घ्यायचंच असेल तर भाव फोनवर विचारून, दोन-तीन ठिकाणी तुलना करून घ्या, आणि त्या दिवशीचा बाजारातला भाव मोबाईलवर समोर ठेवा. डेक्कनला आणि कॅम्पात एम.जी. रोडला मनी चेंजर आहेत, घासाघीस केली की भाव खाली येतो, बँकेत सहसा येत नाही (काउंटरच्या अलीकडे बसून 32 वर्षं नाही म्हणालोय म्हणून माहितीये).

खऱ्या अर्थाने शून्य मार्कअप असलेली क्रेडिट कार्डं आता मिळतात, फेडरल बँकेचं स्कॅपिया आहे, आयडीएफसी फर्स्टचं वॉव आहे, ते एफडीवर मिळतं त्यामुळे पगाराची स्लिप नसली तरी चालतं. यात व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा भाव लागतो आणि तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी बँकेच्या साइटवर चार्जेसचं पान स्वतः वाचा, एजंट तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नका. मे महिन्यात जायचंय तर आत्ताच अर्ज करा, आणि आल्यावर एखादी छोटी डॉलरमधली खरेदी करून बघा की चालतंय का.

टीसीएसची (परदेशी खर्चावर आगाऊ कापला जाणारा कर) भीती काही जण घालतील. परदेशात जाऊन क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) धरत नाहीत, 2023 मध्ये धरणार होते, 28 जूनला अर्थ मंत्रालयाने ते पुढे ढकललं. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे मात्र एलआरएसमध्ये येतात, पण 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांच्या वर गेल्याशिवाय टीसीएस नाही. तुमचे 63 हजार आहेत, शांत झोपा.

शनिवारपेठी

कॅशियर काकांना साष्टांग. आमच्या शाखेत अशी माहिती मागितली असती तर "दोन नंबर खिडकी" असं उत्तर आलं असतं.

बाणेर_टू_बार्सिलोना

काकांच्या पोस्टला एक जोड. शून्य मार्कअप कार्ड असलं तरी एका ठिकाणी हमखास माती खाल, ते म्हणजे डीसीसी, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. मशीन तुमचं भारतीय कार्ड ओळखतं आणि विचारतं रुपयात देणार का डॉलरमध्ये, आपल्याला रुपये दिसले की बरं वाटतं, आपलेपणा वाटतो, आणि आपण रुपये दाबतो. तिथे भाव दुकानदार आणि त्याची पेमेंट कंपनी ठरवते, व्हिसा नाही, आणि तो 4, 5, कधी 7 टक्के महाग असतो. वर गंमत अशी की परदेशातल्या दुकानदाराने रुपयात लावलं तरी आपल्या बऱ्याच बँका त्यावर वेगळा 1 टक्का आणि जीएसटी घेतात, कारण दुकान बाहेरचं आहे. म्हणजे कार्ड शून्य मार्कअपचं, आणि तुम्ही सहा टक्के देऊन आलात.

जहाजावर हे जास्त वाईट पद्धतीने होतं, कारण प्रत्येक वेळी मशीन समोर येतच नाही, तुम्ही केबिनचं कार्ड दाखवता आणि एकच बिल शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डावर लागतं. काही क्रूझ कंपन्यांच्या अटींमध्ये बारीक अक्षरात असतं की कार्ड परदेशी असेल तर बिल कार्डाच्या चलनात बदलून लावू, नको असेल तर रिसेप्शनला येऊन सांगा. म्हणून पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जाऊन विचारायचं, माझं बिल कुठल्या चलनात लागणार, डॉलरमध्येच लावा, आणि शेवटच्या रात्री परत एकदा बघायचं. शेवटच्या सकाळी जाऊ नका, तिथे लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी रांग असते.

अजून एक, प्रवासाआधी कंपनीच्या साइटवर वायफाय किंवा ड्रिंक पॅकेज घेतलं तर जहाजापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण तेही डॉलरमध्येच लागतं, मार्कअप तिथेही आहे. घरी बसून कार्ड टाकलं म्हणजे देशी व्यवहार असं नाही.

मी_सुखदा

कॅशचं कुणीच बोलत नाहीये. माझ्या सासू-सासऱ्यांनी जहाजावर कार्ड लिंकच केलं नाही, रिसेप्शनला डॉलर जमा केले, त्यातून खर्च वजा होत गेला, उरले ते शेवटच्या दिवशी रोख परत मिळाले. कार्ड नाही, होल्ड नाही, मार्कअप नाही. फक्त जमा रक्कम संपली की केबिनचं कार्ड चालायचं बंद होतं, मग परत खिडकीवर जा. सासऱ्यांना ते उलट आवडलं, खर्चावर वचक राहतो म्हणाले 😀 तोटा म्हणजे रोख डॉलरचा भाव फॉरेक्स कार्डापेक्षाही महाग असतो आणि एवढे पैसे खिशात घेऊन सिंगापुरात फिरायचं.

निवृत्त_कॅशियर

सुखदाताईंचं बरोबर आहे, पर्याय म्हणून वाईट नाही. नोटांचा भाव महाग असतो कारण नोटा आणायच्या, सांभाळायच्या, विमा काढायचा, तो सगळा खर्च भावात येतो. थोडी कॅश मात्र सगळ्यांनीच न्यावी, 100-150 डॉलर. आणि जहाजावरच्या एटीएमला हात लावू नका, त्याची फी वेगळी, आणि क्रेडिट कार्डाने पैसे काढलेत तर बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून व्याज.

औंधवाली_मृणाल

टिप्सचं राहिलं! पाच जण आहात म्हणून सांगते, बऱ्याच अमेरिकन कंपन्या माणशी रोजचे 18 डॉलरच्या आसपास ग्रॅच्युइटी आपोआप बिलात टाकतात, लहान मुलांचीसुद्धा. 18 गुणिले पाच गुणिले चार, 360 डॉलर झाले, तुमच्या 700 मधले निम्मे! टूरवाल्याला विचारा की हे आधीच रुपयात भरता येतं का. आलं तर निम्म्या रकमेवरचा मार्कअपचा प्रश्नच संपला, पण तो त्यासाठी डॉलरचा काय भाव लावतोय ते विचारा, नाहीतर 95 चा भाव लावून "सर नो मार्कअप" म्हणेल. आणि आईंना सांगून ठेवा की बारमध्ये किंवा स्पामध्ये सर्व्हिस चार्ज आधीच लागलेला असतो, 18 टक्क्यांच्या आसपास, पावतीवर खाली टिपची रिकामी ओळ दिसली म्हणून परत टाकायची नाही. माझ्या आईने टाकली होती, "एवढा गोड मुलगा होता गं."

हडपसरचा_बाप

पोरांच्या केबिन कार्डावरचा खर्च बंद करून घ्या. गेम झोनमध्ये तेच कार्ड टॅप होतं. माझ्या मोठ्याने 64 डॉलरचे व्हिडिओ गेम खेळले, मार्कअप कुठला काढताय. रिसेप्शनला सांगितलं की लगेच ब्लॉक करून देतात.

पिंपरी_एक्सप्रेस

एक बारकी पण महत्त्वाची. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार डीफॉल्टला बंद असतात, ते चालू करून ठेवा, त्यात दुकानात, ऑनलाईन आणि टॅप असे वेगवेगळे स्विच असतात, तिन्ही बघा, लिमिटही वाढवा. हे पुण्यातच करा. समुद्रात गेल्यावर फोनला जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतं आणि ते आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये येत नाही, ओटीपीसाठी फोन चालू ठेवलात तर बिल बघून चक्कर येईल. जहाजावर चढलं की फोन फ्लाइट मोडवर, वायफाय घेतलं असेल तर तेवढंच चालू. आणि एकच कार्ड नेऊ नका, दुसरं वेगळ्या बँकेचं ठेवा, शक्यतो एक व्हिसा एक मास्टरकार्ड. रुपे कार्ड बाहेर तितकं सगळीकडे चालत नाही.

शनिवारपेठी

एवढं सगळं करण्यापेक्षा मुंबईहून कॉर्डेलियाने गोव्याला जा. सगळा व्यवहार रुपयात. समुद्र तोच.

कोथरूडचा_पाहुणा

@शनिवारपेठी आईला सिंगापूर बघायचंय हो, गोवा तिने 1984 साली एसटीने बघितलाय.

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: टिप्स टूरवाल्याकडे आधीच भरतोय (त्याने पहिल्यांदा 94 सांगितला, भाव दाखवल्यावर 91 वर आला). शून्य मार्कअपवालं कार्ड अप्लाय केलंय, ते जहाजाला लावणार. माझं जुनं कार्ड बॅकअपला. 150 अमेरिकन डॉलर आणि थोडे सिंगापूर डॉलर कॅश. फॉरेक्स कार्ड रद्द. आल्यावर सांगतो काय झालं ते.

कोथरूडचा_पाहुणा

आलो परत, आधीच्या शब्दाप्रमाणे हिशोब देतो.

कार्ड वेळेवर आलं, निघायच्या फक्त नऊ दिवस आधी, तोपर्यंत बायकोने रोज विचारून जीव खाल्ला. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर लगेच रिसेप्शनला गेलो, विचारलं की बिल कुठल्या चलनात, ती मुलगी म्हणाली यूएसडी, रुपयाचा ऑप्शनच नाही, तरी मी दोनदा विचारलं. पोरांची कार्डं तिथेच ब्लॉक केली, धाकटा रडला. एकूण जहाजावरचा खर्च 412 डॉलर, त्यात वायफाय दोन फोनला, कोल्ड्रिंकचं पॅकेज पोरांचं, आणि आईचा कॅप्टनबरोबरचा फोटो, जो एकटाच बराच महाग होता पण आता हॉलमध्ये लागलाय त्यामुळे बोलता येत नाही. रोजचे होल्ड लिमिटमध्ये दिसत होते, बिल लागल्यावर पाच-सहा दिवसांत गेले. स्टेटमेंटला मार्कअपची ओळ नाही, जीएसटीचीही नाही. जुन्या कार्डावर असतो तर दीड हजाराच्या वर गेले असते.

आता खरी गोष्ट. उतरल्यावर लिटल इंडियातल्या एका दुकानात बायकोने 120 सिंगापूर डॉलरची खरेदी केली, मी बाहेर पोरांना सांभाळत उभा होतो, आणि दुकानदाराने मशीनवर तिला न विचारताच रुपये दाबले. 8,400 च्या आसपास व्हायला हवे होते ते 8,840 लागले. वर आमच्या बँकेने एक टक्का आणि जीएसटी घेतला, शंभर रुपये अजून. स्लिपवर खाली बारीक अक्षरात "कस्टमरने हे चलन स्वतः निवडलं" असं छापलेलं होतं, बायको म्हणते मला मशीन दाखवलंसुद्धा नाही. कॅशियर काका, याचे पैसे परत मिळतात का?

निवृत्त_कॅशियर

स्लिपवर सही आहे का?

कोथरूडचा_पाहुणा

पिन टाकलाय.

निवृत्त_कॅशियर

मग बँकेला लिहून बघा, पर्याय दिला नाही म्हणून डिस्प्युट (व्यवहाराविरुद्ध तक्रार) टाकता येतो, स्लिपचा फोटो जोडा. पण चलन निवडल्याचं छापलंय आणि पिनही टाकलाय, त्यामुळे फार आशा ठेवू नका. दुकानातच उभं असताना सांगितलं असतं तर तो व्यवहार रद्द करून सिंगापूर डॉलरमध्ये परत घासता आला असता. पुढच्या वेळी मशीन हातात घेऊन स्क्रीनवर एसजीडी (सिंगापूर डॉलर) दिसतंय का बघायचं, मगच पिन.

औंधवाली_मृणाल

एकूण धरून हजार रुपये वाचलेच की तरी 😀 फोटो केवढ्याला पडला ते मात्र सांगा.

कोथरूडचा_पाहुणा

ते आईसमोर सांगायचं नाही असं ठरलंय, आणि ती हा धागा वाचतेय.